‘कोरा कागद शहाना’: गाण्यातली टीका वाचताना माझं काय चुकलं

एम.ए.च्या लघुप्रबंधाला मी ‘बहिणाबाईंच्या गाण्यांतील समाजटीका’ हा विषय घेतला. बहिणाबाई चौधरी जळगावकडच्या आणि मीही जळगावचीच, त्यामुळे तो सोपा जाईल असं वाटलं होतं. पहिलंच प्रकरण मॅडमनी परत केलं. यंदा असाच विषय घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण माझे दोन महिने ज्या चुकीत गेले, ती चूक करणं फार सोपं आहे.

छापखान्यावरच्या गाण्यात या ओळी आहेत:

मानसापरी मानूस राहतो रे येडजाना
अरे होतो छापीसनी कोरा कागद शहाना

म्हणजे माणूस येडाच राहतो आणि कोरा कागद छापून शहाणा होतो. यावर मी लिहिलं, ‘यंत्रयुगावर प्रहार’. गाण्यात यंत्र आलं म्हणजे टीका यंत्रावरच, हे मी धरूनच चालले होते. मॅडमनी समासात एवढंच लिहिलं: ‘यंत्राबद्दलचा वाईट शब्द दाखव.’ मी शोधला. या ओळींत तसा एकही शब्द नाही.

मग सुट्टीत भादलीला आजीकडे गेले. आजी लेवा गणबोली, म्हणजे बहिणाबाईंच्या गाण्यांचीच बोली, बोलते, शाळेत कधी गेलेली नाही. ती कळण्याची भाकरी थापत होती, मी ओळी दोनदा मोठ्याने वाचल्या. तिचा हात परातीतच थांबला. म्हणाली, “खरंच त बोलली माय. कागदाले छापलं, आमाले कोनी छापलं? शायेत कोनी घातलं नही.”

‘शाया’ म्हणजे शाळा. या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. पण त्या क्षणी मला ‘कोरा’ हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला. कागद कोरा आणि अक्षर न शिकलेलं माणूसही कोरं. एकाला यंत्र घटकाभरात शहाणं करतं, दुसरं जन्मभर तसंच राहतं. बहिणाबाईंना स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं. म्हणजे इथे यंत्राचं कौतुक आहे आणि बोट माणसांकडे आहे. ‘येडजाना’ मी ‘मूर्ख’ म्हणून वाचला होता. आजीच्या तोंडी त्यात हिणवणं नव्हतं, कळवळा होता. शहाणपण छापून समोर आलं तरी माणूस सुधारत नाही, असाही अर्थ लागतो आणि तोही खोटा नाही. प्रबंधात मी दोन्ही ठेवले, पण आजीचा आधी.

म्हणून माझं सांगणं: टीकेला नाव देण्याआधी ओळ मोठ्याने म्हणून पाहा, नुसती डोळ्यांनी वाचू नका. वरच्या दोन्ही ओळी आठ-आठ अक्षरांवर मोडतात, मोजून बघा. त्या ठेक्यात ‘अरे’ वर जोर येतो आणि कोणाला तरी थांबवून सांगितल्यासारखं वाटतं. कोणाला, हा प्रश्न तिथेच सुचतो. ‘छापीसनी’ म्हणजे छापून. हे ‘-ईसनी’ कळलं नाही तर वाक्याचा कर्ताच हुकतो.

छापील पानावर मात्र फार विसंबू नका. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, गाणी पुस्तकरूपात आली १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. ती कागदावर उतरवली ती मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी. त्यामुळे उद्गारचिन्ह किंवा स्वल्पविराम यांवर अर्थाचा डोलारा उभा करू नका. मी एक अख्खं पान एका उद्गारचिन्हावर खर्च केलं होतं, ते काढून टाकावं लागलं.

हेच आजच्या अहिराणी गाण्यांनाही लावा. मोबाईलवरचं गाणं दिसलं की लगेच ‘आधुनिकतेवर टीका’ असं शीर्षक देऊ नका. मोबाईलला बोल लावलाय, की तो हातात घेऊन आईशी न बोलणाऱ्या पोराला, ते क्रियापद कोणाला लागलंय यावरून कळतं. वहीत तीन रकाने पाडा: वस्तू, क्रियापद, कोणाला उद्देशून. माझ्या ‘छापखाना’च्या पानावर तिसरा रकाना दोन महिने रिकामा होता, आणि तो भरला भादलीच्या चुलीपाशी.