दोघांची दमण सहल : आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

बडोद्यातल्या जोडप्याने दोन रात्रींसाठी समुद्र आणि जुनं शहर एकत्र मागितलं की उत्तरं दोनच मिळतात, दीव किंवा दमण. दीव सुंदर आहे, पण रस्त्याने अर्ध्या सौराष्ट्राला वळसा घालावा लागतो. जायला एक दिवस, यायला एक दिवस. चार-पाच दिवसांची सवड असेल तर जरूर जा. दोन रात्रींसाठी दमणच. बडोदा ते वापी रेल्वेने साधारण सव्वादोनशे किलोमीटर आणि वापी स्टेशनपासून पुढे बारा-तेरा किलोमीटर, की तुम्ही दमणमध्ये.

तरीही दमणहून परतलेली निम्मी मंडळी नाक मुरडतात. "समुद्र कुठाय तिथे? नुसता चिखल!" त्यांनी चिखल पाहिला हे खरं आहे. पण ती भलत्या दिवशी, भलत्या वेळी किनाऱ्यावर उभी होती. आणि ही गोष्ट कुठल्याही "दमणमधली दहा ठिकाणं" छापाच्या यादीत लिहिलेली नसते. तिथे फक्त सूर्यास्ताचा फोटो असतो.

तिथी ठरवणं

सहलीतलं अवघड काम हे एवढंच, आणि ते घरी बसून करायचं आहे.

दमण खंभातच्या आखाताच्या तोंडाशी आहे. हे आखात आत जाताना अरुंद आणि उथळ होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी कोंडून उंच चढतं आणि ओहोटीला तितकंच खाली जातं. भावनगरकडे तर देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक येते. दमणला तेवढी नाही, पण मुंबईपेक्षा जास्त. त्यात किनाऱ्याचा उतार अगदी मंद, त्यामुळे पाणी थोडं जरी उतरलं तरी समुद्र लांबवर निघून जातो. मागे राहतो ओला गाळ, खडक आणि क्षितिजाजवळ एक चंदेरी रेघ. तुम्ही शृंगार करून संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर पोहोचलात आणि समोर ती रेघ असली, तर दोष दमणचा नाही.

कोकणात भरतीचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. मुरुडला माझ्या आत्याच्या घरी तो लहान मुलांनाही येतो. यामागचं कारणही सरळ आहे. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग तेवढीच पुढे सरकते. तिथीमागे पाऊण तास हा त्याचाच ठोकताळा.

हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याला बसतो. भरतीची लाट आखाताकडे वर सरकत जाते, म्हणून दमणला ती उशिरा पोहोचते. तेव्हा आलेल्या तासात साधारण एक तास मिळवा. तारीख ठरली की मोबाइलवर दमणचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून नेमकी वेळ पक्की करा. वेळापत्रक आहे तर हिशेब कशाला, असं कोणी म्हणेल. पण महिनाभर आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेसमोर उभं राहून कुठल्या आठवड्यात जायचं हे ठरवायचं असतं, आणि त्या क्षणी तिथीइतकं झटपट काही नाही.

आता हिशेब करून बघा. पंचमीला दमणची भरती पावणेपाचला, षष्ठीला साडेपाचला, सप्तमीला सव्वासहाला. हिवाळ्यात दमणला सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे पंचमीला पोहोचलात आणि सप्तमीपर्यंत राहिलात, तर संध्याकाळी समोर भरलेलं पाणी आणि त्यात बुडणारा सूर्य. मे महिन्यात सूर्यास्त सातच्या पुढे जातो, तेव्हा सप्तमी-अष्टमी धरा. सकाळचं पाणी हवं असेल तर दशमी-एकादशी, भरती नऊच्या आसपास.

आणि पौर्णिमेला जाऊ नका. चांदण्या रात्री समुद्रकाठी बसू, म्हणून जोडपी हौसेने नेमकी पौर्णिमा निवडतात आणि हाच सल्ला एकमेकांना देतात. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती भर दुपारी बाराच्या पुढे आणि मग मध्यरात्री. संध्याकाळी सहा-सातला पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची, म्हणजे पाणी महिन्यात जास्तीत जास्त लांब गेलेलं. तुमचं चांदणं चिखलावर पडेल. चतुर्दशी ते द्वितीया हे दिवस संध्याकाळच्या दृष्टीने सोडून द्या.

सप्तमी-अष्टमीचा आणखी एक फायदा आहे. तेव्हा भांगाची भरती असते. पाणी उधाणासारखं पार सुरूच्या झाडांपर्यंत चढत नाही, पण ओहोटीला फार दूरही पळत नाही. दोन-तीन तास निवांत बसता येईल असा समुद्र याच दिवसांत मिळतो.

एक ताकीद, आणि ही मी प्रत्येकाला देते. ओहोटीला समोरचा किनारा सपाट दिसतो म्हणून त्या चंदेरी रेघेपर्यंत चालत जाऊ नका. तो सपाट नसतो. मधे मधे घळी असतात, आणि भरती सुरू झाली की पाणी आधी त्या घळींत शिरतं. तुम्ही पुढे समुद्राकडे बघत असता आणि तुमच्या मागे, किनाऱ्याच्या बाजूला, पाणी भरत असतं. गाळात पाय रुततो तो वेगळाच. पाण्यात जायचं तर भरतीच्या आधीच्या दोन तासांत, दक्षिणेकडच्या जांपोर किनाऱ्याच्या वाळूवर, गुडघ्यापर्यंत. उत्तरेकडच्या देवका किनाऱ्याला खडक आहेत, तिथे पाण्यात उतरूच नये. पावसाळ्यात तर कुठेच नाही.

वार

सोमवार ते गुरुवार. गुजरातमध्ये १९६० साली राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे आणि दमण केंद्रशासित असल्याने तिथे ती नाही. म्हणून शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत सुरत, वलसाड, वापी सगळं तिकडे लोटतं. खोल्यांचे दर चढतात, देवक्याचा रस्ता गाड्यांनी भरतो आणि शांतपणे बसायला जागा उरत नाही. सप्तमी शनिवारी येत असेल तर पुढच्या पंधरवड्याची सप्तमीही शनिवार-रविवारीच येते, म्हणून दिनदर्शिकेत आणखी पुढे जाऊन आठवड्याच्या मधे येणारी सप्तमी धरा. तुम्ही तिथे काय प्यावं हा तुमचा प्रश्न, पण येताना पिशवीत बाटली ठेवू नका. हद्दीवर तपासणी होते आणि गुजरातचा कायदा कडक आहे. प्यायल्यावर पाण्यात उतरू नका, हेही त्यातच आलं.

गाडी

सकाळची कर्णावती किंवा वापीला थांबणारी कुठलीही गाडी. पश्चिमेकडे बाहेर पडा, दमणसाठी रिक्षा मिळते. निघण्याआधी भाडं ठरवा.

खोली

दमणगंगा शहराचे दोन भाग करते, उत्तरेला नानी दमण आणि दक्षिणेला मोटी दमण. बाजार, मद्यालयं, गर्दी नानीत आणि देवक्याच्या बाजूला. दोघांना निवांतपणा हवा असेल तर मोटी दमण किंवा जांपोरकडे राहा. "समुद्रासमोरची खोली" म्हणून जास्तीचे पैसे मोजू नका, दिवसातला बराच वेळ ती चिखलासमोरची खोली असते. त्यापेक्षा किनाऱ्यावर पाच मिनिटांत चालत जाता येईल अशी स्वच्छ खोली घ्या. दोघांचीही ओळखपत्रं बरोबर ठेवा, एकाच्या नावावर भागत नाही.

मोटी दमणचा किल्ला

वर सांगितलेल्या तिथी धरल्या तर सकाळी दहा-बाराच्या सुमारास ओहोटी असते. ती वेळ शहराची. न्याहारी उरकून आठ वाजता किल्ल्यात शिरा, ऊन चढायच्या आत फिरणं होतं.

पोर्तुगीजांनी दमण १५५९ साली घेतलं. मोटी दमणचा कोट त्यानंतर उभा राहिला : दहा बुरूज, दोन दरवाजे, जमिनीच्या बाजूला खंदक. आपल्याला किल्ला म्हटलं की डोंगर, चढ आणि पडके वाडे आठवतात. हा तसा नाही. हा वसता किल्ला आहे. आत सरकारी कचेऱ्या चालतात, घरं आहेत, मोठमोठी झाडं आहेत, रस्त्यावर सायकली आहेत. मोटी दमणमध्ये अजूनही काही कुटुंबं घरात पोर्तुगीजमधून घडलेली त्यांची स्वतःची बोली बोलतात. म्हणून "दहा मिनिटांत बघून होतो" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. तटाच्या कडेने एक पूर्ण फेरी मारा. घाई न करता दोन तास जातात.

आतलं बॉम जेझूचं चर्च १६०३ मधलं आहे. बाहेरून साधं वाटतं, आत गेल्यावर लाकडात कोरलेली आणि सोन्याचा मुलामा दिलेली वेदी बघा. जवळच रोझरीच्या मातेचं छोटं चॅपल आहे, आकाराने इवलंसं आणि आतून कोरीव कामाने खच्चून भरलेलं. दोन्हींतलं एकच बघायला वेळ असेल तर मी चॅपल निवडेन. ही चालती प्रार्थनास्थळं आहेत, कपडे नीट असू द्या, आवाज खाली. दुपारी दार बंद असू शकतं, म्हणून सकाळीच. पुढे डॉमिनिकन मठाचे अवशेष आहेत, छप्पर गेलेलं, भिंती उभ्या. किल्ल्याच्या समुद्राकडच्या टोकाला दीपगृह आहे.

मराठी माणसाने इथे थोडं थांबून एक गोष्ट आठवावी. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता मोडली, पण दमण पोर्तुगीजांकडेच राहिलं ते थेट डिसेंबर १९६१ पर्यंत. त्या डिसेंबरात दमणवर चालून गेलेल्या भारतीय सैन्यात पुढे होती ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. वसईनंतर सव्वादोनशे वर्षांनी हा कोट मराठा पलटणीपुढे उघडला. बडोद्यातल्या आपल्या घरांतून शाळेतल्या पोरांना वसईची लढाई सांगतात, तिचा हा शेवट फारसा कोणी सांगत नाही. तटावर उभं राहून तो आपल्या माणसाला सांगा.

नानी दमण

दुपारी जेवून झोप काढा. चारच्या सुमारास पूल ओलांडून नानी दमणच्या सेंट जेरोमच्या किल्ल्यात जा. सतराव्या शतकातला, मोटीपेक्षा खूप लहान, पण नदीकडचं त्याचं दार देखणं आहे, वर संत जेरोमची मूर्ती. तटावर चढा. भरती चढत असेल तर खाली दमणगंगेत मच्छीमार बोटींची ये-जा सुरू असते. ओहोटीला याच बोटी गाळात कलंडून पडलेल्या असतात. तिथीचा हिशेब इथेही कामाला येतो.

तिथून सूर्यास्ताला कुठे, याचं उत्तर दोन दिवसांसाठी दोन वेगळं द्या. पहिल्या संध्याकाळी जांपोर, वाळू आणि सुरूची झाडं. दुसऱ्या संध्याकाळी देवक्याचा नमो पथ. समुद्राला लागून साडेपाच किलोमीटरच्या आसपासचा हा रस्ता २०२३ मध्ये खुला झाला. चालायला उत्तम, आणि पाणी भरलेलं असेल तर खालच्या खडकांवर लाटा फुटताना दिसतात.

खाणं

मासे खात असाल तर ताजे बोंबील मागवा, कुरकुरीत तळलेले. खात नसाल तर गुजराती जेवण सगळीकडे मिळतं, घरून डबे बांधून न्यायची गरज नाही.

परतीचा दिवस

सकाळी दमणमध्येच रेंगाळण्यापेक्षा उदवाड्याला जा, जवळच आहे. पारशांचा पवित्र इराणशाह अग्नी १७४२ पासून तिथे तेवतो आहे. अग्यारीत पारशांखेरीज इतरांना प्रवेश नाही. दाराशी घुटमळू नका, आत डोकावू नका, फोटोसाठी हट्ट धरू नका. पण गाव फिरायला कोणाची हरकत नाही. लाकडी ओसऱ्यांची जुनी पारशी घरं, समुद्राकडे उतरणारे अरुंद रस्ते आणि पारशी खाणावळींतलं जेवण, एवढ्यासाठी अर्धा दिवस सत्कारणी लागतो. जेवण आधी फोन करून सांगून ठेवा, ऐनवेळी पोहोचलात तर संपलेलं असतं.

उदवाडा स्टेशनवर मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून रिक्षाने वापीला परत या आणि संध्याकाळची बडोद्याची गाडी पकडा. हिवाळ्यात स्वतःच्या गाडीने आला असाल तर वलसाडच्या पुढे महामार्गालगत मडक्यात भाजलेलं उबाडियुं मिळतं, पापडी, कंद आणि रताळी घातलेलं. हिरव्या चटणीबरोबर गरम गरम तिथेच खा. घरी आणेपर्यंत ते गार होतं आणि मग त्यात काही राहत नाही.