परदेशात मॅचच्या गेटवर तिकीटच उघडेना, शेवटी असं जमलं

टेस्ट बघायला बाहेर गेलो होतो, पहिल्या दिवशी गेटवर तिकिटाचं अ‍ॅप उघडलं तर लॉगआउट झालेलं, ओटीपी मागतंय आणि तो जातोय घरच्या नंबरवर, ज्याचं सिम मी काढून पाकिटात ठेवलेलं. स्क्रीनशॉट चालला नाही, कारण क्यूआर सारखा बदलत राहतो. ईमेलमधली पीडीएफ नुसती पावती निघाली. आत विकेट पडल्याचा गलका आणि मी बाहेर सिम ट्रेची पिन शोधतोय, डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी काय केलं ते सांगतो. आधी घरचं सिम फोनमध्ये परत टाकलं, रोमिंग चालू पण त्याचा डेटा बंद, एसएमएस यायला तेवढं पुरतं, नेटसाठी तिथलं ईसिम, म्हणजे फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम. मग हॉटेलच्या वायफायवरच लॉगिन करून ओटीपी टाकला, तिकीट उघडून फोनच्या वॉलेटमध्ये (तिकिटं, कार्डं ठेवायचं अ‍ॅप) अ‍ॅड केलं. मग फ्लाइट मोड टाकून वॉलेट उघडून बघितलं, तिकीट दिसलं, म्हणजे गर्दीत नेट गेलं तरी टेन्शन नाही. मित्राचं तिकीट त्याच्या ईमेलवर ट्रान्सफर केलं आणि त्याने माझ्यासमोरच अ‍ॅक्सेप्ट केलं. गेटवर ब्राइटनेस फुल, लगेच आत.

आणि हो, रोमिंग निघायच्या आधीच चालू करून घ्या, ते चालू करायलाही ओटीपी लागू शकतो!