स्वस्तातले इअरबड्स घेताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

तेराशे रुपयांचे इअरबड्स घेतले तेव्हा पहिले चार दिवस मी एकदम खूश होतो. रात्री आडवं पडून गाणी ऐकली, बेस नुसता धडधड, आवाज मोठा, चार्जिंगची डबी पण दिसायला झकास, झालं, ऑफिसात दोघांना सांगूनही टाकलं की डोळे मिटून घ्या. पाचव्या दिवशी कुडाळ स्टँडवरून आईला फोन लावला तर ती म्हणते, "काय रे झिला, बावीतसून बोलतंस काय? माका कायेक आयकाक येणा नाय." बाव म्हणजे विहीर, मालवणी न कळणाऱ्यांसाठी सांगतो. आता माझा बड्सचा निम्मा वापर म्हणजे आईचा फोन आणि ऑफिसचे फोन, उरलेला म्हणजे एसटीत डोळा लागेपर्यंत गाणी. म्हणजे जे निम्मं काम होतं तेच मी तपासलं नव्हतं आणि वर लोकांना सल्ले देत फिरत होतो.

गाणी लावून पास करू नका

ही सगळ्यात मोठी चूक, आणि जवळजवळ सगळेच करतात. गाणं ऐकताना आवाज फक्त फोनकडून कानाकडे येतो. कॉल लागला की ब्लूटूथला आवाज दोन्हीकडे न्यावा लागतो, त्याचा मोडच वेगळा असतो आणि त्यात क्वालिटी बरीच खाली येते, म्हणून आत्ता भारी वाजणारा बड कॉलवर एकदम बसका वाटतो. तेवढ्यावरून पीस खराब आहे म्हणू नका, ते महागड्यातही कमीजास्त होतंच. पण तुमचा आवाज समोरच्याला कसा जातो हा प्रश्न वेगळा, तो माइकचा. बडचा माइक कानापाशी, तोंड तिथून चार बोटं तरी लांब, त्यामुळे तुमच्या आवाजासोबत स्टँडवरची अनाउन्समेंट, रिक्षावाल्यांचा गलका, गाडीचं इंजिन सगळंच त्यात शिरतं, आणि मग तो गलका कापायच्या नादात स्वस्तातली चिप तुमचा आवाजही अर्धा कापून टाकते. बावीतला आवाज येतो तो असा.

इथेच अजून एक घोळ आहे. बॉक्सवर ईएनसी लिहिलेलं असतं आणि आपण नॉइज कॅन्सलेशन वाचून पैसे देतो. ईएनसी समोरच्यासाठी, म्हणजे कॉलवर तुमच्या मागचा गोंगाट त्याला कमी ऐकू यावा म्हणून. तुमच्या कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी. मला हे माहीत नव्हतं, मी मालवण-कुडाळ गाडीत मागच्या सीटवर बसून इंजिन कधी शांत होतंय याची वाट बघत बसलेलो, ते कुठून शांत होणार. आणि या किमतीत एएनसी मिळालं तरी ते एसटीची किंवा पंख्याची एकसुरी घरघर थोडी कमी करतं, शेजारच्या काकूंची बडबड नाही.

माइक तपासायचा तर व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर विसंबू नका. बड्स कानात असले तरी बऱ्याचदा ती फोनच्याच माइकने रेकॉर्ड होते आणि आपण "वा, काय क्लिअर आहे" म्हणत राहतो. सरळ घरी कॉल लावा, स्वतः स्टँडवर किंवा मासळी बाजारात जाऊन उभे राहा, आणि नेहमीच्या आवाजात, ओरडायचं नाही, एक दहा आकडी नंबर सांगा. समोरच्याने तो लिहून परत वाचून दाखवायचा. मी आईला गॅस बुकिंगचा नंबर सांगितला तर तिने सातच आकडे लिहिले, त्यातले दोन चुकीचे. हीच टेस्ट जेट्टीवर वाऱ्यात केली तर या किमतीतले बहुतेक पीस नापासच होतील, त्यामुळे वाऱ्याकडे पाठ करून बोलायची सवय लावून घ्या, खूप फरक पडतो. (आणि स्कूटरवर हेल्मेटच्या आत बड्स घालून बोलू नका, मागच्या डंपरचा हॉर्न ऐकू येत नाही.)

बोगद्यात गाणं थांबलं म्हणजे बड खराब नाही

तुतारी एक्सप्रेसने मुंबईला जात होतो, रत्नागिरी गेल्यावर गाणं थांबलं, मी बड काढून घातले, परत पेअर केले, तरी बंद. मनातल्या मनात कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या. गाडी बाहेर पडली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हा करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटर, आत रेंजच नाही तर ऑनलाइन गाणं वाजणार कुठून. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत, तिथे ब्लूटूथची परीक्षा घ्यायची असेल तर गाणी आधी डाउनलोड करून घ्या. डाउनलोड केलेलं गाणंही तुटत असेल तर मग ब्लूटूथ.

आणि ब्लूटूथ तुटण्याचं कारण पुष्कळदा आपण स्वतः असतो. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, ही लहर पाणी शोषून घेतं आणि माणूस म्हणजे बहुतेक पाणीच. फोन पँटच्या मागच्या डाव्या खिशात आणि तुटतोय उजवा बड, तर मधे तुमचंच अंग आडवं येतंय. फोन शर्टाच्या खिशात ठेवून बघा. घरात तुटत नाही पण दादरच्या प्लॅटफॉर्मवर तुटतं हे पण साहजिक आहे, तिथे शेकडो लोकांचे ब्लूटूथ आणि वायफाय एकाच पट्ट्यात कोंबलेले असतात. पण घरात, फोन समोर टेबलावर, मधे काही नाही आणि तरी तुटतंय, तर मात्र पीस परत करा, अपडेट येईल वगैरेची वाट बघू नका.

"बेसच नाही" म्हणायच्या आधी

बॉक्समध्ये रबराचे तीन जोड येतात. लावलेले असतात ते मधल्या साईजचे आणि बहुतेक जण ते बदलतच नाहीत. कानाला नीट बूच बसलं नाही तर बेस निसटतो, मग आपण व्हॉल्यूम वाढवतो, मग कान दुखतो. बड घालून शेंगदाणे चावून बघा, चावताना सैल होत असेल तर एक साईज मोठी लावा, आणि दोन्ही कानांना वेगळी साईज लागू शकते यात लाजण्यासारखं काही नाही, माझा डावा मोठा आहे. ड्रायव्हर (बडच्या आतला छोटा स्पीकर) १३ एमएमचा म्हणून १० वाल्यापेक्षा भारी, हे काही खरं नाही, त्या आकड्यावर पैसे वाढवू नका.

गाडीच्या आवाजावर मात करायला फुल व्हॉल्यूम ही सवय पण वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांच्या आत राहावं, आणि आवाज वाढला की ते तास झपाट्याने कमी होतात.

बॅटरीचा आकडा कसा वाचायचा

"४० तास" लिहिलंय ते बड आणि डबी मिळून, म्हणजे डबीने बड चार-पाच वेळा भरायचे तेव्हा. तेही साधारण निम्म्या व्हॉल्यूमवर आणि एएनसी बंद ठेवून. तुम्हाला बघायचंय ते एका दमात किती चालतात. एक रविवार काढा, फुल चार्ज करून वेळ लिहून लावा, कॉलवर वेगळं मोजा कारण माइक चालू असला की लवकर उतरतात. दोन्ही बड बरोबर संपले पाहिजेत असं नाही, पण एक चार तासात आणि दुसरा अडीचमध्ये बंद पडत असेल तर पहिल्या आठवड्यातच परत द्या, तो फरक पुढे वाढतच जातो.

आता एक गंमत. माझी डबी एका संध्याकाळी चार्जच होईना. लॅपटॉपच्या टाइप-सी टू टाइप-सी केबलला लावली, लाइट नाही. दुसऱ्या चार्जरला लावली, नाही. मेली म्हणून सोडून दिली. मग भाच्याने जुन्या चौकोनी पिनवाल्या चार्जरची केबल लावली तर लगेच लाल लाइट. कारण असं की टाइप-सीच्या दोन्ही टोकांना कोण पॉवर देणार आणि कोण घेणार हे ठरवायला डिव्हाइसच्या आत दोन छोटे रेझिस्टर लागतात, ५.१ किलोओहमचे, काही पैशांची वस्तू, पण स्वस्त डब्यांत बऱ्याचदा तेच वाचवतात. मग सी टू सी केबलला चार्जर समजतो समोर कोणीच नाही. तेव्हा बॉक्समधली आखूड केबल फेकू नका. पॉवरबँकवर मधेच चार्जिंग थांबतं तेही डबीचा दोष नाही, डबी इतका कमी करंट घेते की पॉवरबँकला वाटतं काम झालं आणि तो झोपतो.

खारी हवा

हे पुण्यामुंबईचे रिव्ह्यू बघून कळत नाही. आपल्याकडे जूनपासून पापड डब्यात ठेवला तरी सादळतो, खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, तिथे या नखाएवढ्या पिना काय टिकणार. माझा उजवा बड पाच महिन्यांनी चार्ज घ्यायचा बंद झाला. मोबाइलचा टॉर्च मारून डबीत बघितलं, तळाला दोन सोनेरी टिकल्या, त्यातली एक चकाकत होती आणि दुसरीच्या कडेला हिरवट काळा ठिपका, जसा तांब्याच्या भांड्यावर चढतो तसाच. घाम, मीठ, दमट हवा आणि त्यात करंट, असं सगळं जमून आलं की सोन्याचा तो पातळ मुलामा जातो आणि खालचं तांबं खायला लागतं. काडीला कापूस गुंडाळला, मोबाइल रिपेअरवाल्याकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब आणले, हळूच घासलं, बडच्या बाजूची टिकली पण पुसली, दहा मिनिटं उघडं ठेवलं, चालू. एक बड मेला अशा तक्रारींतले कितीतरी बड असे नुसते मळलेले असतात. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यातला चिकटपणा मागे राहतो.

तेव्हापासून बाहेरून आलो की बड रुमालाला पुसूनच डबीत टाकतो. घामट बड तसाच डबीत बंद करणं म्हणजे मीठ लावून चार्जिंगला लावणं.

वॉटरप्रूफ शब्दावर जाऊ नका, आकडा बघा. आयपीएक्स४ म्हणजे चारी बाजूंनी उडणारं पाणी, ५ म्हणजे पाण्याची धार, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. हे सगळं गोड्या पाण्याचं. समुद्राचं पाणी यात धरलेलं नाही, आणि आकडा बहुतेक वेळा बडचा असतो, डबीचा नाही, त्यामुळे पावसात बड वाचतात आणि खिशातली डबी जाते. तारकर्लीला बड वाळूत पडून लाटेने भिजला तर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने मीठ पुसून काढा, मग कोरडा करा, आणि एक दिवस तरी चार्जिंगला लावू नका. तांदळात ठेवू नका, पीठ जाळीत जातं. आमच्याकडे एकाने चुलीवरच्या दांडीला कपड्यांसोबत वाळत टाकलेले, प्लास्टिक वाकलं, बॅटरीचं काय झालं असेल ते सोडाच. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या पांढऱ्या पुड्या जपून ठेवा, त्या आणि बड एका बंद डब्यात, बास.

एका बाजूचा आवाज कमी वाटतोय तर जाळीत मळ आहे का बघा. जाळी खालच्या दिशेला धरून कोरड्या टूथब्रशने झटका, म्हणजे मळ खाली पडतो, वर धरलीत तर आत जातो. टाचणी नको. जाळी साफ असूनही कमी असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावा-उजवा बॅलन्स मधोमध आहे का पाहा, तो पोरांनी कधी हलवलेला असतो कळत नाही.

खोकं, बिल आणि ते सात दिवस

ऑनलाइन घेतलं तर बदलून मिळायला बऱ्याचदा सातच दिवस असतात, ऑर्डर करतानाच बघून घ्या. म्हणजे वरच्या सगळ्या टेस्ट त्या आठवड्यातच उरका, "नंतर बघू" म्हणालात की मग वॉरंटीच्या नावाने फिरा. माझ्या पीसची वॉरंटी एक वर्षाची होती पण सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला, तेराशेच्या वस्तूसाठी घाट चढून कोण जाणार. आता घेण्याआधी पहिलं तेच बघतो, कुरियरने उचलून नेतात का.

आणि शेवटचं, "कनेक्टेड दाखवतंय पण आवाज नाही." पुष्कळदा बड दुसऱ्याच फोनला चिकटलेला असतो. गणपतीत आमच्याकडे घर चाकरमान्यांनी भरलेलं, मी बड लावून कोपऱ्यात बसलो तर कानात मॅचची कॉमेंट्री, माझ्या फोनवर तर काहीच चालू नाही. भाच्याने दुपारी मागून नेलेले, ते त्याच्याच फोनला जोडलेले राहिले आणि तो पडवीत मॅच बघत बसलेला, त्याला वाटतंय आपल्या फोनचा स्पीकर गेला. अशा वेळी सगळ्या फोनांमधून बडचं नाव फर्गेट करा, दोन्ही बड डबीत ठेवा, बटण दहाएक सेकंद दाबून रिसेट मारा (तुमच्या मॉडेलचं बटण वेगळं असेल, कागद बघा), आणि मग आधी स्वतःच्या फोनला जोडा. मी हे सगळं केलं. भाचा संध्याकाळच्या आरतीनंतर परत मागायला आलाच.