वीरगळाचा फोटो: आधी दगडाचं तोंड बघा

प्रदर्शनासाठी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, टिपायचे असतील तर सकाळच्या सोनेरी उन्हाचा हट्ट पहिला सोडा. दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, त्यावर वेळ ठरते. पूर्वेकडे तोंड असेल तर सकाळचं ऊन समोरून पडतं आणि सगळं कोरीव काम सपाट दिसतं. तोच दगड पावणेबाराच्या सुमारास बघा. ऊन दगडाला घासून खाली उतरतं आणि घोड्याचा लगाम, ढालीची कड, अप्सरांचे दंड सुटे दिसायला लागतात. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून अशा दगडावर उजेड डावीकडून वरून येतो. याहून चांगला उजेड मागितला तरी मिळणार नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दगडाला एकच्या पुढे जा. उत्तरेकडे तोंड असलेल्याला थंडीत ऊन मिळतच नाही.

तिथे फ्लॅश लागतो. मी लग्नांचे फोटो काढतो, त्यामुळे स्टँड आणि फ्लॅश दुरून उडवणारा ट्रिगर गाडीत असतातच. फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवू नका. स्टँडवर, दगडाच्या डाव्या अंगाला, जरा उंच आणि जवळजवळ दगडाच्या रेषेत ठेवा. दगडाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब न्या, नाहीतर एक कड पांढरीफक्क आणि दुसरी अंधारात जाते. खालून उजेड कधीच देऊ नका. वर उठलेलं कोरीव काम खड्ड्यांसारखं दिसतं. अर्धवट ऊन पडत असेल तर ते अडवायला कुणाला तरी काळी छत्री धरायला लावा. गावात पोरं हौसेनं धरतात.

कॅमेरा दगडाला समांतर हवा. वीरगळ बहुतेक वेळा मागे रेललेला असतो, तेव्हा कॅमेराही तेवढाच खाली झुकवा. ५० किंवा ८५ मिमीची लेन्स, एफ/८, आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल. काळ्या बेसाल्टला कॅमेरा राखाडी करून ठेवतो, म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवा. शेंदूर असेल तर हिस्टोग्राममधला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखातला, लाल रंग वेगळा तपासा. तो आधी फाटतो, म्हणजे त्यातले बारकावे जातात.

शेंदूर खरवडायचा नाही. अक्षरांत खडू भरायचा नाही, तेल-पाणी ओतायचं नाही. मऊ ब्रशनं पालापाचोळा झाडा, बस. वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या आवारात वीरगळांची रांगच आहे, पण ते पूजेचं ठिकाण आहे. आधी गुरवांना विचारा, चपला बाहेर काढा. केंद्र-संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी आधीच काढून ठेवा.

आता मांडणी. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी पडलेला वीर, वर लढाई, मग त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वात वर शिवलिंगाची पूजा, कलश आणि चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर लढाईत वल्ह्यांची जहाजं आहेत. प्रेक्षक मात्र सवयीनं वरून बघायला लागतो. म्हणून मी पूर्ण दगडाचा एक उंच प्रिंट लावतो आणि शेजारी दगडावरच्या एकेका कोरीव चौकटीचे वेगळे फोटो, पहिला तळाशी. २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून २४ बाय ३६ इंचांचा प्रिंट १६६ डीपीआयला, म्हणजे इंचाला १६६ ठिपक्यांनी, निघतो. चार पावलांवरून बघायला पुरेसा आहे. कागद मॅटच घ्या. चकचकीत कागदावर हॉलमधल्या ट्यूबलाइटच दिसतात.

फोटोखाली गाव, तालुका, दगडाची उंची आणि तोंडाची दिशा लिहा. टेप लावून मोजा, अंदाजानं नको. उघड्यावर पडलेल्या सुट्या दगडाचं नेमकं ठिकाण मात्र मी लिहीत नाही, आणि फाइलमधलं जीपीएसही काढून टाकतो. असे दगड चोरीला जातात.