अँबॅसडरचं ऑइल प्रेशर: आधी व्हॉल्व्ह, मग बेअरिंग

1489 सीसी बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन, 20डब्ल्यू-50 ऑइल. गरम झाल्यावर आयडलला प्रेशर 15 पीएसआयच्या खाली, पळताना 50 च्या आसपासही नाही. डॅशबोर्डच्या मीटरवर न विसंबता मेकॅनिकल गेज लावून खात्री केली. ब्लॉकवरचा घुमटी नट खोलला, तर रिलीफ व्हॉल्व्हखाली (जादा प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह) कचरा, सीट एकाच बाजूला घासलेली. बारीक पेस्टने व्हॉल्व्ह सीटवर बसवून घेतला, पेस्ट रॉकेलने पूर्ण धुतली, स्प्रिंग नवी घातली. पळतानाचं प्रेशर सुधारलं, आयडल तसंच. प्रेशर वाढवायला स्प्रिंगमागे वॉशर भरणं म्हणजे थर्मामीटर झटकून ताप उतरवणं! व्हॉल्व्ह ठीक करूनही आयडलचं प्रेशर कमीच राहिलं, तर दोष बहुधा पंप नाहीतर बेअरिंगमध्ये असतो. पंपाचा रोटर आणि कव्हर यांतली फट 0.005 इंचांहून जास्त निघाली; बॉडीची कड काचेवर एमरी पेपर ठेवून सपाट केली. क्रँकशाफ्टचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने मोजून मेन आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकशाफ्टकडच्या टोकाची) बेअरिंग बदलली. पंप ऑइल भरूनच बसवा, नाहीतर स्टार्टला कोरडा फिरतो.