ओला टॉवेल टाकून गाडीत घालू नका : कडक उन्हाळ्यात ग्रेहाउंड पळवताना होणाऱ्या चुका

शर्यत संपते. कुत्र्याची जीभ पसरून पळीसारखी झालेली असते, हिरड्या लालबुंद, अंगाला हात लावला तर चटका बसावा असं तापलेलं. मग कोणीतरी टॉवेल भिजवतं, पाठीवर पांघरतं आणि कुत्र्याला गाडीत घालतं. हे बघून मला आता खरंच संताप येतो.

ओला टॉवेल मिनिटभरच गार असतो. मग अंगाच्या उष्णतेने तो कोमट होतो आणि त्याच्याखाली वाफ कोंडते. ग्रेहाउंडचे केस आखूड, चरबी जवळपास नाहीच; त्याच्या कातडीवरून उष्णता सहज हवेत जाऊ शकते. टॉवेल नेमकी तीच वाट बंद करतो.

एका दमट संध्याकाळी 500 मीटरच्या ट्रायलला, म्हणजे सरावाच्या धावेला, काळ्या रंगाची एक मादी पळाली. सांभाळणारा मुलगा नवीन होता, पण तिच्यावर त्याचा फार जीव. त्याने तिला लगेच ओल्या टॉवेलात गुंडाळलं आणि ट्रेलरच्या खणात ठेवलं, 'सावलीत शांत पडेल' म्हणून. माझ्या हातात दोन कुत्रे होते. मी लांबून पाहिलं आणि गप्प राहिलो. वीस मिनिटांनी त्याची हाक आली. मादी आडवी, डोळे शून्यात, तोंडातून चिकट लाळेच्या तारा. गुदद्वारात थर्मामीटर घातला तर 42.6 अंश सेल्सिअस. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 असतं. टॉवेल फेकला, नळी सुरू केली, पोटाखाली, जांघेत, मानेवर सतत पाणी आणि समोर मोठा पंखा. 39.5 पर्यंत यायला अठरा मिनिटं लागली. ती उठली, पाणी प्यायली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढचं शेवटी सांगतो.

तर आधी गार करा, मग न्या. डॉक्टरला फोन जरूर करा, पण एका हाताने नळी धरून. ब्रिटनमधल्या उष्माघाताच्या 2016 ते 2018 मधल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा दवाखान्यात आणलेल्या कुत्र्यांपैकी जेमतेम पाचातल्या एकाला आधी गार केलेलं होतं, आणि गार करण्याच्या नोंदलेल्या उपायांत सगळ्यात जास्त वेळा ओला टॉवेलच. कुत्रा तरुण, निरोगी आणि शुद्धीवर असेल तर डोकं वर धरून थेट गार पाण्याच्या टबात बसवा. 'एकदम थंड पाण्याने धक्का बसतो' ही भीती घालणारे अजून भेटतात. त्या भीतीपोटी कोमट पाणी शोधण्यात जी मिनिटं जातात, ती घातक ठरतात. अंगापेक्षा गार असलेलं, हाताशी असेल ते पाणी वापरा. 39.5 ला थांबा, नाहीतर तापमान फार खाली घसरतं. हे सगळं थर्मामीटरशिवाय जमत नाही. माझ्या खिशात तो कायम असतो आणि ज्याच्याकडे नाही त्याने उन्हाळ्यात कुत्रा पळवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक माणसं मोजतच नाहीत, कारण ती शर्यतीच्या आधी होते. 500 मीटरची धाव अर्ध्या मिनिटाची. एवढ्याशा वेळात काय होणार, असं नवशिक्यांना वाटतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या ग्रेहाउंडचं तापमान प्रत्यक्ष मोजलं गेलं. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एका धावेने शरीर सरासरी दोन अंशांनी तापलेलं दिसलं. सावलीतला पारा 38 वर गेला की 41.5 ची धोक्याची रेषा ओलांडणारे कुत्रे कितीतरी वाढले. गडद रंगाचे कुत्रे फिक्यांपेक्षा जास्त तापले. आता हिशोब करा. गाडीत तापून, आणि शर्यत जिथून सुटते त्या बॉक्सकडे जायच्या उत्साहाने भुंकून-थरथरून जो कुत्रा आधीच 39.8 वर आहे, त्याच्यासाठी ते दोन अंश कुठे पोहोचतात?

म्हणून गाडी. बंद गाडी उन्हात तासाभरात सुमारे 22 अंशांनी तापते आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, हे 2005 मध्येच मोजून दाखवलेलं आहे. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही, हेही तेव्हाच दिसलं. तरी 'फक्त नाव नोंदवून येतो' म्हणणारे दर मोसमात भेटतात. माझी सवय अशी : एसी बंद तर प्रवास बंद. पोहोचल्यावर अर्धा तास थांबून तापमान घ्यायचं आणि 39.5 च्या वर असेल तर कुत्रा पळवायचा नाही. हा आकडा माझा स्वतःचा आहे. तुमच्या पशुवैद्यकाने याहून कमी सांगितला तर त्याचं ऐका. नोंदणीचे पैसे बुडतात. बुडू द्या.

वजनासाठी पाणी तोडणं हा तर क्रूरपणा आहे. मागच्या शर्यतीपेक्षा किलोभर फरक पडला तर कुत्रा बाद होईल, या धास्तीने काही जण सकाळपासून वाटी उचलून ठेवतात. ग्रेहाउंडच्या रक्तात लाल पेशींचं प्रमाण इतर जातींपेक्षा मुळातच जास्त असतं. पाणी कमी पडलं की ते रक्त आणखी दाट होतं.

माणसांची क्षार-पेयं पाजू नका. कुत्रा घामावाटे आपल्यासारखं मीठ गमावत नाही, त्याला पाणी हवं.

तोंड आवळणारं कापडी मुसकं उन्हाळ्यात नको. धापा टाकणं हाच त्याचा पंखा. जाळीचं, तोंड पूर्ण उघडता येईल असंच मुसकं घाला.

संध्याकाळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दमट हवेत जिभेवरची लाळ सुकत नाही आणि धापा टाकून उपयोग होत नाही. धावपट्टीची वाळूही दिवसभराची तापलेली असते. तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा.

थंड प्रदेशातून आणलेला कुत्रा आल्या आठवड्यात पळवू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला किमान दोन आठवडे लागतात आणि घाईने ती लवकर होत नाही.

राहिली शेवटची चूक : कुत्रा उठून उभा राहिला म्हणजे वाचला, असं समजणं. ती काळी मादी त्या रात्री जेवली. दुसऱ्या दिवशी मागचे पाय ताठ वाटत होते, मुलगा म्हणाला दमली असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी तिची लघवी काळ्या कॉफीसारखी होती. अतितापाने स्नायू फुटतात, त्यातला लाल पदार्थ मूत्रपिंडांत जाऊन अडकतो. सलाईन सुरू केलं तोवर उशीर झाला होता. पाचव्या दिवशी ती गेली.

तेव्हापासून उन्हाळ्यातल्या प्रत्येक धावेनंतर, कुत्रा कितीही ठणठणीत दिसो, मी सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी पांढऱ्या भांड्यात धरतो आणि उजेडात नेऊन बघतो. रंग चहासारखा वाटला तरी वाट बघत बसत नाही, त्याच घटकेला दवाखाना गाठतो.