रात्री खाज वाढतेय? आधी खरूज आहे का ते बघा

अंगावर बारीक पुळ्या, अंथरुणात शिरलं की खाज असह्य आणि घरात आणखी कुणी खाजवतंय, तर पहिला संशय खरजेचा घ्यावा. बोटांच्या बेचक्या, मनगट, काखा, बेंबी, कंबर, जांघा नीट पाहा. बेचक्यात केसाएवढी बारीक, वाकडी रेघ दिसली तर ती किडीने पोखरलेली वाट. मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडचं मलम मात्र लावू नका. खाज दबते, कीड वाढत राहते आणि नंतर डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिन क्रीम देतात. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. रात्री कोरड्या अंगाला मानेपासून तळपायापर्यंत लावा. नखांखाली, बेंबीत, जांघेतही. फक्त पुळ्यांवर लावल्यानेच उपचार फसतो. हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. ८ ते १२ तासांनी आंघोळ करा आणि ७ दिवसांनी हेच पुन्हा.

घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज नसलेल्यांनीसुद्धा. पहिल्या लागणीत खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे जातात. सकाळी कपडे, चादरी, टॉवेल कडक गरम पाण्यात धुवा. न धुता येणारं आठवडाभर पिशवीत घट्ट बांधून ठेवा.

कीड मेल्यावरही खाज २ ते ४ आठवडे राहू शकते, म्हणून क्रीम रोज लावत बसू नका. तान्हं बाळ, गर्भवती, पू झालेल्या पुळ्या किंवा ताप असेल तर आधी डॉक्टर.